टेक्स्ट गेममध्ये माणसाशी लढायचंय? आधी आपलं मरण वाचायला शिक

नांदेडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं विचारलंय: "दादा, चार महिने झाले अकीया हा टेक्स्ट गेम खेळायलोय. जनावरं, राक्षस मारून लेव्हल साठच्या वर नेली. पण आखाड्यात माणसासमोर उभा राहिलो की दहा-पंधरा सेकंदांत खलास. काय झालं तेच कळंना. एक जण लढाईत आपोआप हुकूम पाठवणारी तयार स्क्रिप्ट विकायलाय, घेऊ का? माझं इंग्रजी बेताचं आणि नेट मोबाइलचं. पीव्हीपी, म्हणजे माणसाविरुद्धची लढाई, नेमकं कुठून सुरू करू?"

तुझ्या प्रश्नात लेव्हल, स्क्रिप्ट, इंग्रजी, नेट असं बरंच काही आहे. पण मला त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: "काय झालं तेच कळंना." बाकीचं सगळं याच्या मागून येतं. टेक्स्ट गेममध्ये दोन माणसं भिडतात तेव्हा ती लढाई वाचण्याची असते. बोटं किती झपाझप चालतात यालाही किंमत आहे, पण ती नंतर. समोरच्यानं आत्ता तुला काय केलं, त्यातलं तुझ्या अंगावर अजून काय शिल्लक आहे आणि पुढच्या दोन सेकंदांत तो काय करणार, हे पळत्या ओळींतून ज्याला उमगतं तो टिकतो. म्हणून पहिला महिना-दीड महिना जिंकायचं डोक्यातून काढून टाक. आपण कसे मेलो हे ओळीनं सांगता येणं, एवढंच तुझं ध्येय.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. या खेळांचं जुनं नाव मड. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यानं तो पुढं नेला. चित्र नाही, आवाज नाही. जागेचं वर्णन वाचायचं, हुकूम टाइप करायचा, आणि त्याच जगात त्याच वेळी दुसरी खरी माणसं वावरत असतात. पुढं १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या मुलांनी डिकूमड काढला आणि त्याच्या वंशात शेकडो खेळ झाले. त्या घराण्यात एकदा 'किल' म्हटलं की वारांच्या फेऱ्या आपोआप चालतात. तू मध्येमध्ये लाथ, धक्का, मंत्र घालायचा आणि वेळेवर पळ काढायचा. तिथं हत्यार-चिलखताच्या आकड्यांना फार वजन. अकीया १९९७ चा, आणि त्याचा रिवाज वेगळा. तिथं आपोआप वार होत नाही. प्रत्येक वार, प्रत्येक घास, प्रत्येक मलम हा स्वतंत्र हुकूम. त्यामुळं नवखा माणूस तिथं जास्त लवकर मरतो, आणि शिकायला तीच जागा सगळ्यात चांगली आहे असं माझं ठाम मत आहे.

आता तुझी लेव्हल. राक्षस बहुतेक वेळा एकच काम करतो: तुझ्या आरोग्याचा आकडा खाली आणतो. तू औषधाचे घोट घेत राहतोस, मारत राहतोस, तो पडतो. लेव्हल वाढली की आरोग्य वाढतं, त्याचा फायदा आहेच. पण कसलेला माणूस बऱ्याचदा त्या आकड्याच्या नादी लागत नाही. तो तुझे उपाय एकेक करून बंद करतो. आरोग्य अर्ध्याच्या वर असतानाच तू हरलेला असतोस. मरण नंतर सावकाश येतं. म्हणूनच तुला काही कळत नाही. तू आकड्याकडं बघत होतास आणि गोष्ट दुसरीकडं घडत होती.

ती कुठं घडते ते बघ.

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे तुझी स्थिती दाखवणाऱ्या ओळीत, आरोग्य आणि मॅना (मंत्रांची ताकद) यांच्या पुढं ई आणि एक्स ही दोन अक्षरं दिसतात. ई म्हणजे इक्विलिब्रियम, मनाचा तोल. एक्स म्हणजे बॅलन्स, अंगाचा तोल. तलवार मारलीस की एक्स जातो, मंत्र टाकलास की ई जातो, आणि ते परत येईपर्यंत दुसरा वार करता येत नाही. एवढं तुला माहीत असेलच. बहुतेक नवखे इथंच थांबतात. खरी गंमत पुढं आहे: उपायांचे तोल निराळे असतात. पाला खायचा वेगळा, मलम लावायचा वेगळा, पाइप ओढायचा वेगळा, औषधाचा घोट घ्यायचा वेगळा. वार करून तुझा एक्स गेलेला असला तरी खाणं, लावणं, ओढणं, पिणं हे चारही रस्ते चालू असतात. माणूस टिकतो तो या चार रस्त्यांवर. मारणारा मारतो तोही हेच चार रस्ते अडवून.

समोरचा तुझ्या अंगावर जो त्रास घालतो त्याला अफ्लिक्शन म्हणतात, आणि प्रत्येक अफ्लिक्शनला ठरलेला उतारा आहे. ब्लडरूट हा पाला खाल्ला की पॅरॅलिसिस (लकवा) जातो, किंवा स्लिकनेस. केल्प खाल्लं की अस्थमा (दमा), क्लम्झिनेस, सेन्सिटिव्हिटी, वेअरिनेस अशांपैकी एक जातं. गोल्डनसीलनं इम्पेशन्स, स्टुपिडिटी, डिझिनेस, एपिलेप्सी यांतलं एक. जिनसेंगनं नॉशिया, हिमोफिलिया, अ‍ॅडिक्शन यांतलं एक. अ‍ॅनोरेक्सियाला एपिडर्मल मलम, स्लिकनेसला व्हॅलेरियनचा धूरही चालतो, हातापायाच्या साध्या मोडीला मेंडिंग मलम. पाल्याऐवजी किमयागारांची खनिजं घेतली तरी काम तेच: ब्लडरूटच्या जागी मॅग्नेशियम, केल्पच्या जागी ऑरम, गोल्डनसीलच्या जागी प्लंबम. पूर्ण यादी खेळाच्या हेल्प फाइलमध्ये आहे, ती कागदावर उतरवून घे. हातानं उतरव, छापू नको. लिहिताना डोक्यात बसते.

यादीपेक्षा महत्त्वाचा आहे तो हिशेब: एका घासात एकच अफ्लिक्शन जातं. आणि सर्पंटसारखा क्लास (पात्राचा प्रकार) एका दुहेरी भोसक्यात दोन विषं घालतो. म्हणजे खाण्याच्या एकाच रस्त्यावर त्यानं गर्दी केली तर तू कायम मागं पडणार. तो नेमकं तेच करतो. दर वाराला क्युरारी हे विष घालून तुला पॅरॅलिसिस देतो. पॅरॅलिसिस असला की तुला हलता येत नाही, मारता येत नाही, म्हणून तू आधी ब्लडरूटच खाणार. तुझा घास ब्लडरूटमध्ये गेला, तोवर दुसऱ्या विषानं अस्थमा आला. पुढच्या वाराला पुन्हा पॅरॅलिसिस, सोबत क्लम्झिनेस. तू पुन्हा ब्लडरूट. पुढच्याला वेअरिनेस. आता केल्पनं जाणारी तीन अफ्लिक्शनं तुझ्या अंगावर साचली, आणि मधूनच एखादं केल्प खायला मिळालं तरी त्यातनं अस्थमाच जाईल याची खात्री राहिली नाही. याला खेळाडू केल्प स्टॅक म्हणतात.

अस्थमा एवढा जपून का ठेवला? अस्थमा असताना पाइप ओढता येत नाही. एक रस्ता बंद. मग गेकोच्या विषानं स्लिकनेस येतो: अंग निसरडं होतं, मलम लागत नाही. दुसरा बंद. शेवटी स्लाइकच्या विषानं अ‍ॅनोरेक्सिया: खाता येत नाही, पिता येत नाही. सगळं बंद. आता या तिघांची गाठ बघ. अ‍ॅनोरेक्सिया काढायला मलम हवं, तर स्लिकनेसमुळं मलम लागंना. स्लिकनेस काढायला ब्लडरूट खायचं किंवा व्हॅलेरियन ओढायचं, तर अ‍ॅनोरेक्सियामुळं खाता येईना आणि अस्थमामुळं ओढता येईना. अस्थमा काढायला केल्प खायचं, तर पुन्हा अ‍ॅनोरेक्सिया आडवा. तिघं एकमेकांची पाठराखण करतात. याला लॉक म्हणतात, आणि पहिल्यांदा हे समजलं की माणूस थक्क होतो. शब्दांशिवाय काही नसलेल्या खेळात कुणी तरी हे इतकं नीट विणलंय, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या टप्प्यावर तुझ्याकडं दोन वाटा उरतात. एक म्हणजे फोकस: मन एकवटून मनाचं अफ्लिक्शन घालवणं, त्यात अ‍ॅनोरेक्सिया येतं. दुसरी म्हणजे अंगावरचा ट्री टॅटू: त्याला हात लावला की कुठलं तरी एक अफ्लिक्शन जातं. म्हणून पक्का खेळाडू वरून इम्पेशन्स देतो, फोकस बंद. आणि पॅरॅलिसिस देतो, टॅटूला हात लागत नाही. पाचही एकत्र आली की तो ट्रू लॉक. तुझ्या त्या दहा-पंधरा सेकंदांत यातलंच काही तरी घडलं असण्याची शक्यता फार मोठी आहे.

हे आधी कळलं असतं तर तू काय केलं असतंस? अस्थमा आणि स्लिकनेस दोन्ही अंगावर दिसले की पुढचा वार अ‍ॅनोरेक्सियाचा येणार हे उघड आहे. तो क्षण वार करत बसायचा नसतो. पॅरॅलिसिस नसलेली फट मिळाली की ढाल उभी करणाऱ्या शील्ड टॅटूला हात लाव किंवा सरळ खोलीबाहेर पड. शील्ड फोडायला त्याला हॅमर टॅटू किंवा दुसरं काही वापरावं लागतं. त्याचा एक वार तिथं खर्ची पडला की तुझे एक-दोन घास फुकटात पडतात. नवख्या पोरांना हे पळपुटेपण वाटतं. ते तसं नाही. माळेगावच्या जत्रेत कुस्तीचा फड बघितला असशील तर आठव: अंगावर डाव बसायला लागला की चांगला मल्ल आधी सुटका करून घेतो, उलटा डाव नंतर टाकतो.

लॉक हा मरणाचा एक मार्ग झाला. दुसरे तुला थोडक्यात सांगतो, कारण पहिला नीट कळला की बाकीचे पटकन कळतात. मंक, ब्लेडमास्टर यांसारखे क्लास हातपाय मोडून खाली पाडतात. तिथं मोड जबर असते, म्हणून रेस्टोरेशन मलम लागतं, ते लावल्यावर लगेच काम करत नाही, काही सेकंद घेतं, आणि त्या सेकंदांतच ते घाव घालतात. त्यांच्याविरुद्ध कुठल्या अवयवावर पॅरी (वार अडवायची तयारी) ठेवलीस याला जिवाइतकं महत्त्व. काही क्लास मॅना संपवतात आणि तो ठरावीक पातळीखाली गेला की एका हुकुमात मारतात. तिथं घोट आरोग्याचा घ्यायचा की मॅनाचा हा प्रश्न. आणि काही जण खरोखरच नुसता मार देऊन मारतात. समोर कोण आहे हे कळलं की तो कुठल्या वाटेनं येणार हे अर्धंअधिक कळतं. म्हणून लढाईआधी एकच चौकशी कर: समोरच्याचा क्लास कोणता.

आता सराव कसा करायचा. मडलेट हा मड खेळायचा प्रोग्राम उतरवून घे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, लुआ भाषेत त्यात ट्रिगर (ठरावीक ओळ आली की आपोआप होणारं काम) आणि अलियास (लांब हुकुमाचं छोटं रूप) लिहिता येतात. त्यात लॉग, म्हणजे सगळ्या ओळींची नोंद, ठेवायची सोय आहे आणि प्रत्येक ओळीसमोर वेळ दाखवायचीही, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. दोन्ही चालू कर. प्रत्येक लढाईचा लॉग ठेव. आणि तो वाचताना खालून वर वाच. मेलास ती ओळ धर, आणि मागं जात जात शोध की तुझा शेवटचा यशस्वी उपाय कोणता होता. तिथून पुढं काय काय बंद होत गेलं ते कागदावर लिही. बहुतेक वेळा खरी चूक मरणाच्या दोन-तीन वार आधीची सापडते. त्या वेळी केल्प खायचं होतं आणि खाल्लं नाही, किंवा पाइपच पेटवलेला नव्हता. पाइप विझलेला असणं हे नवख्याच्या मरणाचं फार मोठं कारण आहे. कुणी मोठ्यानं सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

दुसरा सराव जोडीनं. संभाजीनगर, बीड, लातूरकडची आम्ही काही मंडळी एकत्र खेळतो, आणि नवा माणूस आला की त्याला हाच देतो. आखाड्यात दोघं उभे राहायचे. तिथं मेलं तरी अनुभवाचे गुण जात नाहीत. एकानं वार करायचे, पण सावकाश, एका वेळी एकच विष. दुसऱ्यानं खेळाचं आपोआप क्युरिंग (उतारे घेणं) बंद ठेवून हातानं उतारा टाइप करायचा. टाइप करायच्या आधी तोंडानं मराठीत बोलायचं: "दमा आला, केल्प." "खाणं बंद, मलम." फोनवर कॉल चालू ठेवला तर अजून बरं. आठवडाभरात ओळ आणि उतारा यांची गाठ डोक्यात बसते. मग दोन विषं, मग वेग वाढवायचा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हे वेड्यागत वाटेल, वाटू दे.

इथंच तुझ्या इंग्रजीचा प्रश्न सुटतो. लढाईतलं इंग्रजी हे पुस्तकातलं इंग्रजी नाही. अस्थमा आल्याची ओळ दर वेळी अगदी तीच असते, अक्षर न् अक्षर. एका क्लासविरुद्ध तुला कामाच्या ओळी मोजक्याच लागतात. एक वही कर. डावीकडं खेळातली ओळ जशीच्या तशी, मध्ये तिचा अर्थ आपल्या बोलीत, उजवीकडं काय करायचं. ज्यांचं इंग्रजी फर्डं आहे ती पोरंसुद्धा ही वही केल्याशिवाय मरतात, कारण त्यांना ओळ समजते पण हात हलत नाही. आणखी एक सांगतो. या खेळांत कितीतरी अंध खेळाडू आहेत. ते एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर ओळी ऐकतात आणि महत्त्वाच्या ओळीला आवाज लावून ठेवतात. ओळ दिसल्यावर वाचण्यापेक्षा ठरावीक आवाज ऐकून हात चालवणं पुष्कळदा जलद पडतं. डोळे धड असणाऱ्यांनीही त्यांच्याकडून हे घ्यावं.

स्क्रिप्ट विकत घेऊ नको. कारणं सांगतो. अकीयात सर्व्हरचं स्वतःचं क्युरिंग आहे, फुकट. ते तुझ्या वतीनं उतारे घेतं, आणि कुठलं अफ्लिक्शन आधी काढायचं हा क्रम तुला बदलता येतो. नवख्याला पुरून उरेल इतकं ते चांगलं आहे. विकणाऱ्याची स्क्रिप्ट त्याच्या क्लाससाठी, त्याच्या सवयींसाठी बांधलेली असते. खेळात काही बदललं आणि तो खेळ सोडून गेला की तुझ्या हातात बंद पडलेलं यंत्र. शिवाय स्क्रिप्ट तुझ्या नावानं कुठलाही हुकूम पाठवू शकते. तुझं सोनं दुसऱ्याला देऊन टाकणारी ओळ हजार ओळींत कुठं लपली आहे हे तुला लुआ येत नसेल तर कधीच कळणार नाही. तू इंजिनिअरिंगला आहेस, लुआ महिन्याभरात जमेल. सुरुवात छोटी कर: अस्थमा, स्लिकनेस, अ‍ॅनोरेक्सिया या तीन ओळी लाल रंगात दाखवणारे तीन ट्रिगर. बस्स. यंत्रानं तुझ्यासाठी लढण्याआधी यंत्रानं तुला दाखवलं पाहिजे.

आणि स्क्रिप्टवाल्यांना हरवायची कलाही खेळातच आहे. सर्पंट खोटी ओळ तुझ्या पडद्यावर उमटवू शकतो. तुला काही झालेलंच नाही, पण झाल्याची ओळ आली. आंधळा ट्रिगर लगेच उतारा घेतो आणि घास वाया. रेकलेसनेस नावाच्या अफ्लिक्शनमध्ये आरोग्य आणि मॅना भरलेलेच दिसतात, प्रत्यक्षात तू मरायला टेकलेला असतोस. ब्लॅकआउटमध्ये मजकूरच दिसेनासा होतो. म्हणजे हल्ला थेट तुझ्या वाचनावर होतो. याला उपाय म्हणजे ताळा बघायची सवय. अचानक आकडा पूर्ण भरला तर खूश न होता संशय घ्यायचा: मी घोट घेतलाच नव्हता, मग हे भरलं कसं? तांत्रिक बाजूनं, मडलेटला सर्व्हरकडून जीएमसीपी नावाची माहिती मजकुराच्या मागून वेगळी येते. खोटी ओळ पडद्यावर उमटते, या माहितीत शिरत नाही. पुढं स्वतःची स्क्रिप्ट लिहिशील तेव्हा ती याच्यावर उभी कर.

नेटबद्दल. मजकूर हलका असतो, त्यामुळं डेटा नगण्य लागतो आणि आपल्याकडच्या खेड्यातल्या अर्धवट सिग्नलवरही खेळ चालतो. अडचण वेळेची आहे. मराठवाड्यातून उत्तर अमेरिकेतल्या सर्व्हरला हुकूम जाऊन उत्तर यायला साधारण पाव सेकंद लागतो, कमीजास्त. अंतरच तेवढं आहे, ते पैसे देऊन कमी होत नाही. पण यावर खेळात दोन तोडगे आहेत. एक, वर सांगितलेलं सर्व्हरचं क्युरिंग: उतारा तिथल्या तिथंच घेतला जातो, तुझ्या नेटची वाट बघत नाही. दुसरा, क्यू. पुढचा वार आधीच रांगेत लावून ठेवायचा, तोल परत आला की त्याच क्षणी सर्व्हर तो मारतो. हे दोन वापरलेस की तुझ्यात आणि टोरोंटोतल्या पोरात फारसा फरक राहत नाही. उरते ती लहर. मोबाइल नेटवर एखादा पॅकेट हरवला की सगळ्या ओळी तुंबतात आणि मग एकदम धबाधबा कोसळतात. असं होत असेल तर खिडकीजवळ बस, यूएसबीनं टेदरिंग कर, घरातल्या बाकीच्यांचं व्हिडिओ बघणं संपेपर्यंत थांब. आणि उन्हाळ्यात वीज जायच्या वेळेला लढाई धरू नको. नेट तुटलं तरी तुझं पात्र काही वेळ तिथंच उभं असतं, आणि समोरचा थांबतोच असं नाही.

वेळेचा मात्र आपल्याला फायदा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ८ वाजतात तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच असतात, हिवाळ्यात साडेसहा. खेळात सगळ्यात जास्त माणसं तेव्हा असतात. लातूरच्या क्लासेसना राहिलेली पोरं त्या वेळेला उठतातच. तासभर खेळून सात-साडेसातला कॉलेजची तयारी, असं जमतं. रात्री जागून खेळू नको; लढाईला ताजं डोकं लागतं, आणि रात्री दोनला समोर फार कुणी भेटतही नाही.

पैशांचं. नवा माणूस दोन मरणांनंतर क्रेडिट (खेळातलं विकतचं चलन) विकत घेऊन आर्टिफॅक्ट (खास ताकदीच्या वस्तू) घ्यायला धावतो. पहिल्या वर्षात घेऊ नको. क्रेडिट खेळातलं सोनं देऊनही मिळतात. कौशल्य वाढवणारे जे लेसन आहेत ते आधी क्लासच्या तीन कौशल्यांत आणि सर्व्हायव्हलमध्ये घाल. क्लास कुठला, असं विचारशील. तुझा आत्ताचा जो आहे तोच ठेव, सहा महिने तरी. दर हरण्याला क्लास बदलणाऱ्यांना कुठलाच क्लास येत नाही.

आक्रमणाकडं जाणीवपूर्वक उशिरा वळतोय. बचाव जमला की ते निम्मं आपोआप येतं, कारण तुला काय झालं की तू अडकतोस हे तुला आता माहीत असतं, तेच समोरच्याला करायचं. एकच वाट निवड. लॉक जमणारा क्लास असेल तर फक्त अस्थमा टिकवून ठेवण्याचा सराव कर, मारायची घाई नको. समोरचा काय खातो ते वाच. त्याचं ब्लडरूट खाल्ल्याची ओळ दिसली म्हणजे पॅरॅलिसिस गेला, अस्थमा अजून आहे. केल्प खाल्ल्याची दिसली की कदाचित गेला, आता पुन्हा द्यायला हवा. त्याच्या प्रत्येक घासातून त्याच्या अंगावर काय राहिलं याचा हिशेब डोक्यात चालू ठेवणं, हे आक्रमणाचं मूळ. खेळाडू याला ट्रॅकिंग म्हणतात. आणि त्याची रिबाउंडिंग (वार परतवणारं कवच) उतरवल्याशिवाय भोसकू नको, वार तुझ्यावरच उलटतो.

कुणाशी लढायचं? आपल्यापेक्षा थोड्याच पुढं असलेल्याशी. अगदी अव्वल माणसाकडून मरण्यात शिकायला काही मिळत नाही, लॉग फारच छोटा निघतो. खेळातल्या तुझ्या शहरातल्या, हाउस नावाच्या गटातल्या माणसांना नम्रपणे विचार: "स्पार (सरावाची लढाई) कराल का? हरल्यावर पाच मिनिटं समजावून सांगाल का?" बहुतेक जण हो म्हणतात. बाहेर, आखाड्याशिवाय कुणाला मारण्याआधी पीके (खेळाडूनं खेळाडूला मारणं) विषयीची हेल्प फाइल पूर्ण वाच. कारण नसताना मारणं, पुन्हा पुन्हा त्याच माणसाच्या मागं लागणं याला तिथं नियम आहेत. बार्टलनं १९९६ च्या लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: कमावणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यावर चालून जाणारे. चौघं एकाच जगात राहतात. तुला लढायची हौस आहे म्हणून बागेत बसून गप्पा मारणाऱ्याला मारू नको. त्याला त्यात काहीच मिळत नाही आणि तुला तर त्याहून कमी. नवख्याला तर अजिबात नको. मराठवाड्यातली चार पोरं मिळून एखाद्या नव्या मुलावर तुटून पडली असं आमच्याबद्दल कधी ऐकू येऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

गटाच्या लढाईत तुला लवकरच बोलावतील. तिथं तुझं काम सोपं असतं: नेता ज्याचं नाव घेईल त्यालाच मारायचं, नेता हलला की हलायचं, मेलास तर गुपचूप परत यायचं. जा, खुशाल जा, मजा येते. पण दहा जणांच्या गोंधळात तुझं वाचन सुधारणार नाही. ते एकास एक लढाईतच सुधारतं.

पहिला लॉग तयार झाला की शेवटच्या चाळीसेक ओळी वेळेसकट पाठव. तुझा क्लास, समोरच्याचा क्लास आणि सर्व्हरचं क्युरिंग चालू होतं की बंद, हे वर लिही. पाठवण्याआधी तुला जिथं गाठ पडली असं वाटतं त्या ओळीवर खूण कर, चुकली तरी चालेल.